खर्चासह फेटाळला: वकील न देता लढलेल्या दाव्याचा खर्च कसा वसूल केला

आमच्या बाजूने निकाल लागला, त्याची शेवटची ओळ होती: ‘वादीचा दावा खर्चासह फेटाळण्यात येतो.’ पाहुण्यारावळ्यांना वाटलं, चला, झाला तेवढा खर्च मिळणार. मलाही कोणी विचारलं की मी ‘खर्च मिळतोय’ असं सांगत होतो. प्रत्यक्षात काय मिळालं, काय नाही आणि जे मिळालं ते हातात पडायला काय करावं लागलं, ते लिहून ठेवतो. आपली केस आपण लढणाऱ्याला या भागाबद्दल कोणी फारसं सांगत नाही. वकिलांना याची गरज पडत नाही, कारण त्यांची फी आधीच मिळालेली असते.

माझं तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. घराशेजारी चार फुटांचा बोळ आहे आणि त्यापलीकडे अण्णांचं घर. अण्णा नात्याने कोणी नाहीत, पण लहानपणापासून अण्णाच म्हणतो. बोळ आपला आहे आणि आम्ही त्यात ढवळाढवळ करू नये, असा कायम मनाईचा दावा त्यांनी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात लावला. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडे तो अर्ज कुठल्याही कोर्टात नि. ५ म्हणूनच ओळखला जातो (नि. म्हणजे निशाणी, दाखल कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक).

वकील का दिला नाही, याचं कारण साधं होतं. ज्यांच्यावर माझा विश्वास होता ते अण्णांचेच वकील निघाले. दुसऱ्यांनी सांगितलेली फी आणि बोळाची किंमत यांचं गणित जमेना. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ प्रमाणे पक्षकार स्वतः हजर राहून काम चालवू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाचं कामकाज मराठीतून चालतं, हा मोठाच आधार. पहिल्या तारखेला न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, ‘वकील देणार का? विधी सेवा समितीकडून हवा आहे का?’ मी म्हणालो, ‘नाही साहेब, मीच.’ रोजनाम्यात, म्हणजे तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘प्रतिवादी स्वतः’ असं लागलं ते शेवटपर्यंत.

खर्चाची गोष्ट निकालापासून सुरू होते असं सगळ्यांना वाटतं. ती सुरू होते कैफियतीपासून, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तरापासून. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्टाने मुदत वाढवली तर जास्तीत जास्त नव्वद. ती लिहिताना मी संहितेचं मराठी पुस्तक समोर ठेवलं होतं, त्यात कलम ३५ अ होतं. दावा खोटा किंवा त्रास देण्यासाठी आहे आणि वादीला ते माहीत आहे, असा आक्षेप प्रतिवादीने घेतला आणि पुढे दावा फेटाळला गेला, तर कोर्ट नुकसानभरपाईदाखल वेगळा खर्च देऊ शकतं. आक्षेपच घेतला नसेल तर युक्तिवादाच्या दिवशी हे कलम आठवून उपयोग नाही. म्हणून कैफियतीच्या शेवटी एक परिच्छेद घातला: दावा खोटा आहे, तो खोटा असल्याचं वादीला पूर्ण ठाऊक आहे, कलम ३५ अ प्रमाणे खर्च मिळावा.

आता ‘ठाऊक आहे’ हे दाखवायचं कसं? अण्णांनी नळजोडणी घेतली तेव्हा ग्रामपंचायत होती, नगरपंचायत नंतर झाली. त्या अर्जाला त्यांनी माझ्या वडिलांचं संमतीपत्र जोडलं होतं: ‘आपल्या बोळातून नळाची लाइन नेण्यास परवानगी असावी.’ खाली मागणारा म्हणून अण्णांची सही, देणारा म्हणून वडिलांची. जुन्या दप्तरातून त्याची सहीशिक्क्याची नक्कल काढली.

अण्णांचं सरतपासाचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र आलं आणि उलटतपास घ्यायला मी उभा राहिलो. तोंडातून पहिलाच शब्द निघाला, ‘अण्णा.’ साहेब म्हणाले, ‘अण्णा नको, साक्षीदार म्हणा.’ मग ‘साक्षीदार, तुम्ही’ असं करत करत कागद त्यांच्या हातात दिला. टंकलेखकाने उतरवून घेतलं: ‘नि. ३४ वरील सही माझी आहे. त्यातील मजकूर खरा आहे.’ अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. पुढे ३५ अ चं जे काही झालं ते या दोन वाक्यांवर.

मधल्या काळात तारखा. वादी आजारी, वादीचे वकील वरच्या कोर्टात, वादीचे कागद यायचेत. तीनदा मुदत घेतल्यावर चौथ्या वेळी ‘दोनशे रुपये खर्चावर मंजूर’ असा आदेश झाला, त्याच्या पुढच्या वेळी पाचशे. कोर्टाच्या भाषेत याला ‘कॉस्ट बसली’ म्हणतात. बहुतेक पक्षकार ती सोडून देतात. अण्णांचे वकीलही म्हणाले, ‘देतो हो पुढच्या तारखेला.’ पण कलम ३५ ब असं सांगतं की उशिराबद्दल बसलेली कॉस्ट लगेचच्या पुढच्या तारखेला भरली नाही तर त्या पक्षाला आपलं काम पुढे चालवता येत नाही. मी अर्ध्या पानाचा अर्ज दिला: कॉस्ट मिळालेली नाही, ती मिळेपर्यंत वादीचा पुरावा पुढे घेऊ नये. साहेबांनी वकिलांकडे नुसतं पाहिलं. दुपारच्या सुट्टीआधी व्हरांड्यात सातशे रुपये माझ्या हातात पडले आणि मी ‘कॉस्ट मिळाली’ अशी पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन टाकली.

दोन गोष्टी इथे कळल्या. अशी भरलेली कॉस्ट शेवटच्या हुकूमनाम्यातल्या (डिक्रीतल्या) खर्चात पुन्हा धरत नाहीत, ती तिथल्या तिथे संपते. आणि आदेश नीट वाचायचा. कधी कधी कॉस्ट विधी सेवेकडे भरायचा आदेश असतो, ती आपल्याला मिळत नाही. या सातशेइतका सहज पैसा मला पुढे कुठे मिळाला नाही.

सगळ्यात मोठा खर्च मोजणीचा. आदेश २६ नियम ९ प्रमाणे कोर्ट कमिशनर नेमून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी व्हावी, असा अर्ज मीच दिला. वादीने नेहमीची हरकत घेतली की हा पुरावा गोळा करण्याचा प्रकार आहे. अर्ज मंजूर झाला, पण मागणी माझी म्हणून फी मीच भरायची. सहा हजार गेले. नकाशा आला, बोळ आमच्या हद्दीत निघाला आणि अण्णांच्या न्हाणीघराची एक भिंतही थोडी आमच्यात निघाली. त्यावर मी काही म्हटलं नाही, तो वेगळा विषय. भूकरमापकाला साक्षीला बोलावलं, त्याचा भत्ता आणि समन्सची फी आधी कोर्टात भरली. या दोन्ही रकमांच्या पावत्या नाझरच्या (कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्याच्या) सहीच्या असतात. त्यांच्याबद्दल पुढे कोणी वाद घालू शकत नाही.

युक्तिवाद संपत आला तेव्हा खर्चाची यादी शपथपत्रासह दाखल केली. वकील असला तर तो फीचं प्रमाणपत्र लावतो आणि बाकीचा हिशेब कार्यालय करतं. स्वतः लढणाऱ्याचं प्रमाणपत्र कोण देणार? म्हणून मी सगळं मांडलं: मोजणी, भत्ता, समन्स, कोर्ट फी, कैफियतीचं टायपिंग, नकला, झेरॉक्स, एसटी. शेवटी सगळ्यात मोठा आकडा, तारखेच्या दिवशी दुकान बंद राहिल्याचा. आयकर विवरणातलं वर्षाचं उत्पन्न घेऊन दिवसाची सरासरी काढली आणि रोजनाम्यावरून हजेरीच्या तारखा जोडल्या. तो आकडा अठ्ठावीस हजारांच्या वर गेला. फेब्रुवारी ते मे आमचा सीझन. जळालेली सबमर्सिबल घेऊन शेतकरी दारात आला आणि कुलूप दिसलं तर तो परत येत नाही. ते नुकसान मी यादीत धरलंच नव्हतं.

या मागणीला आधार होता. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की खर्च वाजवी पण प्रत्यक्ष झालेला असावा. जिंकलेल्या पक्षकाराने घालवलेला वेळ, प्रवास, राहणं हे सगळं कोर्ट फी, वकील फी आणि टायपिंगच्या बरोबरीने त्यात यावं. वेळ हा शब्द तिथे आहे. त्या परिच्छेदाची प्रत मी अर्जाला जोडली होती.

वादीच्या वकिलांनी उत्तरादाखल २०११ चा निकाल काढला, रघुबीर सरन चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणातला. दिल्ली उच्च न्यायालयाने एका अपिलात पंचेचाळीस लाखांहून जास्त खर्च बसवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण असं की कलम ३५ मधला खर्च नियमांच्या चौकटीत द्यायचा असतो, आणि नियमांत प्रत्यक्ष खर्चाची सोय नसेल तर कोर्टाला तो मनाने देता येत नाही. त्याच निकालात, नियम बदलावेत आणि ३५ अ ची मर्यादा एक लाखापर्यंत न्यावी, असंही सुचवलं आहे. पण साध्या दिवाणी दाव्याला ती मर्यादा आजही तीन हजार रुपये आहे. १९७६ च्या दुरुस्तीत एक हजाराची तीन हजार झाली, तेव्हापासून तिथेच. व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम केला. करोडोंच्या करारावर भांडणाऱ्यांना ती सोय आहे, बोळावर भांडणाऱ्यांना नाही. माझ्या मते हे सरळसरळ अन्यायाचं आहे.

साहेबांनी दोन्ही निकालांचा उल्लेख केला आणि दुसरा धरला. दुकानाच्या दिवसांची मागणी नामंजूर. नियमांत स्वतः काम चालवणाऱ्या पक्षकाराच्या वेळेसाठी तरतूद दाखवली गेली नाही, असं कारण दिलं. एसटी आणि झेरॉक्सही गेलं. कमिशनर फी सहा हजार, साक्षीदाराचा भत्ता पाचशे, कोर्ट फी आणि समन्सचे दोनशे चाळीस हे मिळाले. कैफियत आणि अर्जांच्या टायपिंगचे चौदाशे मिळाले ते आदेश २० अ मुळे, त्यात टायपिंग आणि छपाईचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे. संमतीपत्रावरची सही कबूल केल्यामुळे दावा खोटा असल्याची वादीला जाणीव होती, असा निष्कर्ष काढून ३५ अ खाली पूर्ण तीन हजार. बेरीज अकरा हजार एकशे चाळीस.

‘खर्चासह’ हा शब्दही आपोआप येत नाही, हे नंतर इतरांचे निकाल वाचताना लक्षात आलं. ‘खर्चाबाबत आदेश नाही’ किंवा ‘ज्याचा त्याने खर्च सोसावा’ असं सर्रास लिहिलेलं असतं. कलम ३५ प्रमाणे जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा नसेल तर कोर्टाने त्याची कारणं लिहायला हवीत. युक्तिवादात ही एक ओळ बोलून ठेवायला काही लागत नाही. मी बोललो होतो.

नामंजूर झालेल्या अठ्ठावीस हजारांसाठी अपील करावं का, असा विचार तीस दिवसांची मुदत संपेपर्यंत डोक्यात होता. फक्त खर्चाच्या प्रश्नावर अपील सहसा ऐकलं जात नाही, तत्त्वाचाच मुद्दा असेल तर गोष्ट वेगळी. जिल्ह्याच्या तारखा, पुन्हा दुकान बंद. सोडून दिलं. अण्णांनीही अपील केलं नाही.

निकालपत्र म्हणजे हुकूमनामा नव्हे, हा धडा नक्कल विभागात मिळाला. हुकूमनामा वेगळा तयार होतो, निकालापासून पंधरा दिवसांत व्हावा असा नियम आहे, आणि त्याच्या तळाशी खर्चाचा तक्ता असतो. डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी. ओळी वर्षानुवर्षं ठरलेल्या: अर्जावरील मुद्रांक, वकीलपत्रावरील मुद्रांक, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणी, कमिशनर फी. माझ्या बाजूला वकीलपत्र आणि वकील फी या दोन ओळींत आडव्या रेघा होत्या, ते बरोबरच. पण कमिशनर फीच्या ओळीतही रेघ होती आणि सहा हजार वादीच्या बाजूला पडले होते! बेरीज त्याप्रमाणे. वसुली होते ती या तक्त्यावरून. निकालपत्रात काहीही लिहिलेलं असो, जप्तीला येणारा कोर्टाचा बेलिफ हा कागद बघतो.

लिपिक म्हणाले, ‘अपिलात सांगा.’ अपिलाची गरज नव्हती. कलम १५२ प्रमाणे हुकूमनाम्यातली लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं. निकालपत्राचं पान, नाझरची पावती आणि तक्ता, तिन्ही जोडून अर्ज दिला. वादीच्या वकिलांनी ‘हरकत नाही’ असं अर्जावरच लिहिलं, हे त्यांचं भलेपण. दुरुस्त हुकूमनामा घेतला.

मग अण्णांना रजिस्टर पोस्टाने नोटीस: इतकी रक्कम, पंधरा दिवसांत, या खात्यावर. पोच आली, पैसे आले नाहीत. दरखास्तीला, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात द्यायच्या अर्जाला, बारा वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई नव्हती. पण दोन वर्षं उलटली की दरखास्तीची नोटीस काढणं कायद्याने भाग पडतं आणि आणखी तारखा लागतात. त्याआधीच दाखल केली. आदेश २१ नियम ११ चा ठरलेला तक्ता असतो: दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, काही वसूल झालं का, किती बाकी, आणि कशा प्रकारे वसुली हवी. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘जंगम मालमत्ता जप्त करून.’ दरखास्तीच्या खर्चाचीही मागणी केली.

कोर्टाने तरी आधी नोटीस काढलीच. अण्णा हजर झाले नाहीत. वॉरंट निघालं आणि बेलिफ म्हणाले, ‘वस्तू दाखवायला तुम्ही यायचं.’ शेजाऱ्याच्या दारात बेलिफाबरोबर जाणं हे काम मला अजिबात आवडलं नाही. काय जप्त होऊ शकत नाही त्याची यादी कलम ६० मध्ये आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि जनावरं. म्हणजे माझ्यावर वेळ आली असती तर माझं वाइंडिंग मशीन वाचलं असतं. अण्णांची मोटरसायकल त्या यादीत बसत नव्हती. ती उभी होती नेमकी बोळात. बेलिफांनी पंच म्हणून समोरच्या किराणा दुकानातले दोघे बोलावले आणि पंचनाम्याला सुरुवात केली: काळ्या रंगाची, नंबर अमुक, मागच्या चाकाचं मडगार्ड चेपलेलं.

तेवढ्यात अण्णांचा थोरला आला. ‘दादा, आई घाबरलीय. रोख देतो, आत्ताच्या आत्ता मिटव.’

‘रोख नको रे. खात्यावर टाक, तुझ्याकडे पुरावा राहील.’

‘विश्वास नाही का?’

‘विश्वासाचा प्रश्न नाही. कोर्टात नोंद झाली नाही तर उद्या तुलाच त्रास.’

हे खरंच आहे. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर ते बँकेतून किंवा लेखी पुराव्यासह द्यावे लागतात आणि तसं कोर्टाला कळवून नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसलेला भरणा दरखास्तीचं कोर्ट धरत नाही. त्याने तिथेच फोनवरून पैसे पाठवले, दरखास्तीची फी आणि वॉरंटचा खर्च धरून. बेलिफांनी पंचनाम्यात ‘रक्कम अदा केल्याचे धनको यांनी सांगितल्याने जप्ती केली नाही’ असा शेरा मारला. पुढच्या तारखेला मी पुरसीस दिली, साहेबांनी अण्णांच्या वकिलांना विचारून खात्री केली, आणि रोजनाम्यात लागलं: ‘पूर्ण वसुली झाल्याने दरखास्त निकाली.’ निकालापासून पैसे मिळेपर्यंतच्या काळाचं व्याज मिळालं नाही. हुकूमनाम्यात खर्चावर व्याजाचा आदेश नव्हता.

अण्णा अजून बोलत नाहीत. थोरल्याने मात्र त्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर माझ्याकडेच आणली. पूर्ण वाइंडिंग जळालं होतं. बिल केलं, त्याने खात्यावर टाकलं आणि जाताना म्हणाला, ‘पुरसीस द्यायची का?’